मधलं काही दिसेना

पाळणा थांबलेला दिसत होता आणि तरी माझी माय त्याची दोरी ओढत होती. मी बाजेवर पडून बघत होते. पाळणा भिंतीपाशी होता. मग माझ्यापाशी होता. मग पुन्हा भिंतीपाशी. एका जागेवरून दुसऱ्या जागी येताना मात्र तो मला एकदाही दिसला नाही.

“माय, पाळणा हालते का?” मी विचारलं.

“हालते ना वो. काहून?”

“काई नाई.”

मला वाटलं ताप डोक्यात चढलाय, उतरला की होईल ठीक.

हे माझ्या माहेरी घडलं, कारंज्याजवळच्या खेड्यात. पहिल्या निवडणुकीसाठी रंगवलेली चिन्हं गावाच्या भिंतींवरून अजून पुसली गेली नव्हती. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. मुलगी झाली. तिचं नाव आम्ही इंदू ठेवलं. पण त्या बारशाचं मला काही आठवत नाही, कारण बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत माझं डोकं असं दुखायला लागलं की मी भिंतीवर आपटून घ्यायची. मग ताप, मग झटके. मायनं मला नंतर सांगितलं की शेजारच्या बायांनी बाहेरचं लागलं म्हणून लिंबू उतरवलं, आणि माझ्या बापानं कोणाचं न ऐकता बैलगाडी जुंपून कारंज्याहून डॉक्टर आणला. त्या डॉक्टरांनी सुया टोचल्या. मी वाचले.

वाचलेल्या माणसानं तक्रार करू नये असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं. मलाही वाटत होतं. म्हणून पाळण्याचं मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही.

काय दिसायचं

मला विचारणारी माणसं आधी हेच विचारतात, म्हणून जमेल तसं सांगते.

कोणी एकेक फोटो काढून माझ्यापुढं ठेवावा आणि मधले फोटो आपल्याच खिशात ठेवून घ्यावे, तसं होतं. अंगणात कोंबडी उखळापाशी आहे. मग ती तुळशीपाशी आहे. उखळापासून तुळशीपर्यंत ती चालली असेलच, पण ते चालणं माझ्या वाट्याला यायचं नाही. लिंबाचं झाड वाऱ्यात सळसळायचं, आवाज यायचा, पान मात्र हलायचं नाही. बाप बोलायचा तेव्हा त्याचं तोंड उघडं असायचं, मग मिटलेलं असायचं, आणि आवाज दुसरीकडूनच आल्यासारखा वाटायचा.

बाकी सगळं साफ दिसायचं. दूरच्या शेतातली तूर दिसायची. सुईचं भोक दिसायचं. आणि रंग तर जसेच्या तसे होते, उलट जरा जास्तच भरून आल्यासारखे. सगळं जग थांबलेलं असल्यावर माणूस दुसरं बघणार काय? मायच्या लुगड्याचा डाळिंबी रंग मी तासन्‌तास बघत पडायची.

इंदूचं हसणं मला येताना कधी दिसलं नाही. ती हसलेली दिसायची किंवा न हसलेली दिसायची. ज्यांच्या मांडीवर लेकरू आहे त्यांनी एकदा नीट बघावं, हसू ओठांच्या कोपऱ्यातून कसं निघतं आणि गालावर कसं पसरतं ते. मला आपल्या लेकीचं ते हवं होतं. दुसरं काही मला नको होतं.

सोंग

पोळ्याच्या सुमाराला मी सासरी आले. सासर अनसिंगजवळ. घरात सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि माझे मालक, देवराव. माणूस कमी बोलणारा. पाच-सहा एकर जमीन, दोन बैल, एक म्हैस.

आत्याबाई वाईट नव्हत्या. पण त्यांच्या डोळ्यांपुढं मी तांदळातले खडे वेचायची, गोधडीला टाके घालायची, कागदाच्या पुडीवरची अक्षरं वाचायची. आणि तीच मी, गावातल्या रस्त्यावर बैलगाडी येत असताना सरळ तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. गाडी मला दूर, वडापाशी दिसली होती. पुढच्या क्षणी बैलाचा श्वास माझ्या तोंडावर होता. गाडीवानानं कासरा ओढला म्हणून निभावलं.

“सुई ओवते आन गाडी दिसत नाई म्हंते,” आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं. “कामाचं सोंग हाय, दुसरं काय.”

मी रागावले नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

दिवाळीच्या आधी इंदू रांगायला लागली. एका सकाळी मी चुलीवरून आंधणाचं भगुलं उतरवत होते. इंदू दाराच्या उंबऱ्यापाशी बसलेली मी पाहिली होती. भगुलं घेऊन वळले, आणि ती माझ्या पायाशी होती. उंबरा आणि माझे पाय यांच्यामध्ये ती कुठंच नव्हती. मी दचकले, गरम पाणी माझ्या पावलावर आणि जमिनीवर सांडलं. इंदूला थेंबही लागला नाही. पण आत्याबाईंनी तिला उचललं, आणि त्या मला पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या.

“आजपासून पोट्टी माह्याजवळ राहीन. दूध पाजाले घेजो, बसून. उभ्यानं तिले हात नोको लावू.”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्या दिवसापासून माझी लेक माझ्याच घरात मला ठरल्या वेळी मिळू लागली.

संध्याकाळी देवराव माझ्यापाशी येऊन बसले. माझ्या पावलाला आत्याबाईंनीच कोरफड लावून दिली होती, ती ते बघत राहिले.

“खरं सांग. तुले दिसत नाई का?”

“दिसते.”

“मंग?”

“दिसते, पन हालत नाई.”

त्यांनी माझ्या तोंडापुढं हात हलवला असावा. “आता?”

“हात अठी हाय,” मी म्हणाले. “आता तठी हाय.”

“मंधात?”

“मंधात काईच नाई.”

 मग त्यांचा हात मला त्यांच्या गुडघ्यावर दिसला.

“दवाखान्यात जाऊ,” ते म्हणाले.

अकोला, मग नागपूर

अनसिंगहून वाशीम, वाशीमहून मोटारीनं अकोला. अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकून, आरसा धरून पाहिलं आणि म्हणाले, “डोळे उत्तम आहेत.” आत्याबाई सोबत असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. मला रडू आलं. डोळे वाईट आहेत असं ऐकायला मी आले होते. चष्मा लागेल, मोतीबिंदू आहे, फूल पडलंय, काहीतरी नाव असलेलं.

डॉक्टर घाईत होते, पण त्यांनी माझं रडणं पाहिलं. म्हणाले, “नागपूरला एक डॉक्टर आहेत. माणसाला रंग कसा दिसतो, हालचाल कशी दिसते, याचाच त्यांचा अभ्यास चाललेला असतो. त्यांना भेटा.”

आगगाडीत मी खिडकीशी बसले. शेजारच्या बायका म्हणत होत्या, झाडं कशी पळून राह्यली पाहा. मला एकेक झाड उभंच दिसत होतं. मधली नाहीशी होत होती. इंदूला आम्ही आत्याबाईंपाशी ठेवलं होतं. माझी छाती दुधानं दगड झाली होती. अर्ध्या वाटेत मी डब्याच्या संडासात जाऊन दूध पिळून टाकलं, आणि त्या एकाच वेळी मला वाटलं की परत फिरावं.

अंधारी खोली

डॉक्टर पाटणकर उंच, किरकोळ, कानावर केस आलेले. मेडिकल कॉलेजात शिकवायचे. त्यांच्या खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे होते. आमच्या गावात वीज नव्हती, आणि या खोलीत विजेचे एवढाले-एवढाले दिवे होते, बटण दाबलं की लागायचे. कॉलेजातली मुलं तिथं येऊन त्यांच्या यंत्रांत बघायची आणि काय दिसलं ते सांगायची. त्यावरून माणसाची नजर कशी चालते हे ते शोधत होते.

त्यांनी मला माझा आजार विचारला नाही. आधी रंगीत कागदांचे तुकडे पुढं टाकले आणि गडद ते फिके लावायला सांगितले. मी लावले. रंगांना काय म्हणता, असं विचारलं. मी म्हटलं, हा मिरची, हा राणी, हा अबोली, हा मोतिया. ते हसले. “आमच्या मुलांना एवढी नावं येत नाहीत, पण लावायला त्यांनाही जमतं. तुमचे रंग अगदी शाबूत आहेत.”

मग त्यांनी काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं एक पिंप पुढं ठेवलं आणि त्याचा दांडा फिरवला.

“काय दिसतं?”

“पट्टे.”

“हलतायत?”

“नाई. पन दर येळी दुसरेच हाय असं वाटते.”

त्यांनी दांडा सोडला. नंतर एक चकती फिरवली, अर्धी लाल, अर्धी हिरवी. मी म्हटलं, आता गढूळ पिवळी झाली. देवराव माझ्या मागं बसले होते, तेही म्हणाले, पिवळीच. रंग मिसळलेला आम्हा दोघांना सारखा दिसला. फरक एवढाच की त्यांना चकती फिरायला लागलेली दिसली, मला एकदम बदललेली.

शेवटी डॉक्टरांनी सगळा उजेड बंद केला. अंधारात एक बारीक दिवा लागला आणि विझला. त्याच्या बाजूला थोड्या अंतरावर दुसरा लागला आणि विझला. पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा.

“देवराव, तुम्हाला काय दिसतं?”

“दिवा इकून तिकडं जाऊन राह्यला. उडी मारून राह्यला.”

“आणि बाई, तुम्हाला?”

“दोन दिवे हाय. एक लागते, मंग दुसरा लागते.”

डॉक्टरांनी उजेड केला. टेबलावर दोन दिवे खिळ्यानं पक्के बसवलेले होते. देवराव जवळ जाऊन बोटानं चाचपून आले.

“उडी कोणी मारलीच नाही,” डॉक्टर म्हणाले. “दिवे दोनच आहेत आणि ते जागचे हलत नाहीत. पण बघणाऱ्याचा मेंदू मधली जागा आपणच भरून काढतो, म्हणून सगळ्यांना दिवा गेलेला दिसतो. मलाही दिसतो. या खोलीत खरं जे घडलं ते फक्त तुम्हाला दिसलं, बाई.”

मी देवरावांकडं बोट करून म्हटलं, “मले खरं नोको, डॉक्टरसाहेब. यायले दिसलं ते पायजे.”

ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून जसंच्या तसं सांगू शकते. माझे डोळे चांगले आहेत. डोळे बघतात ते डोक्यात मागच्या बाजूला पोचतं, आणि तिथं ते उलगडतं. रंग ओळखायची जागा वेगळी असावी, हलणं ओळखायची वेगळी, असा त्यांचा अंदाज होता. बाळंतपणातल्या त्या आजारानं माझी रंगाची जागा सोडली आणि हलण्याची धरली. असा रोगी त्यांनी आधी पाहिला नव्हता. पुस्तकांत फारसं काही नव्हतं.

देवरावांनी विचारलं, “मंग हे सोंग नाई?”

“नाही. सोंग करणाऱ्याला इतकं सारखं-सारखं उत्तर देता येणार नाही.”

“बरं होईन?”

“माहीत नाही,” डॉक्टर म्हणाले. “औषध माझ्याकडं नाही. खोटं सांगत नाही.”

देवराव उठून बाहेर गेले. मला वाटलं, कंटाळले. ते आले तेव्हा त्यांच्या हातात संत्री होती आणि डोळे लाल होते. त्यांनी एक सोलून माझ्या हातात फोडी दिल्या. घरच्या बाईला पुरुषानं फळ सोलून देणं आमच्याकडं तेव्हा कोणी केलेलं नव्हतं.

त्या दिवसाला मी माझ्या आजाराचा सगळ्यात चांगला दिवस मानते. औषध नाही हे त्याच दिवशी कळलं, तरीही.

वॉर्डातली माय

डॉक्टरांनी मला सरकारी इस्पितळात बायकांच्या वॉर्डात ठेवून घेतलं, म्हणजे रोज तपासता येईल. कापूस वेचणीला आला होता, म्हणून देवराव गावाला परतले.

वॉर्डात सकाळ फिनाइलच्या वासानं व्हायची. मग चहाचे पेले, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारी नातेवाइकांची वेळ. माझं कोणी यायचं नाही. ती वेळ मला सगळ्यात लांब वाटायची. समोरच्या खाटेवरच्या बाईला तिचं लेकरू भेटायला आणायचे. मी तोंड भिंतीकडं करून घ्यायची. दूध हळूहळू आटत गेलं. ते थांबलं त्या दिवशी मी जेवले नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर चंद्रभागाबाई होत्या, वर्ध्याकडच्या. मोतीबिंदू काढलेला, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि डोकं हलवायचं नाही म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. सगळा वॉर्ड त्यांना मोठी माय म्हणायचा.

“तुले काय झालं वो?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

मी सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, “म्हंजे मले काई दिसत नाई, आन तुले अर्धं दिसते. दोघी मिळून दीड बाई झालो.”

किती दिवसांनी मी हसले असेन.

त्या मला विचारायच्या, खिडकीबाहेर काय हाय? मी सांगायची, आभाळ निळं-राखाडी, भिंत गेरूची, वाळत घातलेलं लुगडं चिंतामणी रंगाचं. आणि त्या मला सांगायच्या, “नर्सबाई येऊन राह्यली. दारापासी हाय. आता तुह्या पायथ्याशी.” पट्टीच्या आतून. मी विचारलं, मोठी माय, तुमाले कसं कळते?

“बुटाच्या आवाजानं. डोयानंच पाहाव असं कोनं सांगतलं? तूही आयक. डोये मीट आन आयक.”

मी डोळे मिटायची. आणि आश्चर्य असं की डोळे मिटले की सगळं पुन्हा चालायला लागायचं. नर्सबाई दारातून यायची, खाटांमधून जायची, पाणी पेल्यात पडायचं आणि पेला भरत यायचा. उघड्या डोळ्यांना जे मिळत नव्हतं ते कानांना मिळत होतं. मोठ्या मायनं मला रोज शिकवलं. पाण्याचा आवाज बारीक होत गेला की भांडं भरत आलं. चप्पल घासत आली की म्हातारं माणूस. आवाज वाढत असेल तर थांब, कमी होत असेल तर चाल.

“तुह्या पोरीच्या पायात घुंगराचे वाळे घाल,” त्या म्हणाल्या. “लेकरू कुठं हाय ते समजन.”

एवढी साधी गोष्ट. ती मला, माझ्या मायला, आत्याबाईंना, कोणालाच सुचली नव्हती.

राहायचं की जायचं

संक्रांत जवळ आल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, मले घरी जायचं हाय. त्यांनी अंधाऱ्या खोलीत मला बसायला सांगितलं.

“आणखी थोडे दिवस राहिलात तर मला बरंच कळेल,” ते म्हणाले. “पिंप किती हळू फिरवलं तर तुम्हाला काही जाणवतं, ते बघायचंय. रंगीत पट्टे घेऊन बघायचंय.”

“त्यानं मले बरं वाटन?”

“तुम्हाला नाही. पण पुढं कोणी असा रोगी आला तर डॉक्टर त्याला घरी पाठवून देणार नाहीत.”

मी बाकावर बसून राहिले. माझ्या डोळ्यांपुढं इंदू होती, दाराची चौकट धरून उभी राहत असलेली. ती मी पाहिलेली नव्हती, देवराव मधे एकदा येऊन सांगून गेले होते. आणि दुसरीकडं ती अकोल्याची दुपार होती, डोळे उत्तम आहेत असं ऐकून मी रडले ती. तसं आणखी कोणीतरी कुठंतरी रडत असेल.

मी राहिले. महाशिवरात्र जवळ येईपर्यंत राहिले. रोज त्या पिंपापुढं बसायची आणि आपली लेक मनात आणायची नाही असं ठरवायची, आणि रोज आणायची. यात मी काही मोठं केलं असं मला वाटत नाही. नुसतं वाट पाहणं होतं. डॉक्टर एकदा दांडा इतक्या सावकाश फिरवत होते की त्यांचा हात दुखत असावा. मी म्हटलं, काहीतरी होतंय असं वाटतंय, पण नक्की नाही. ते तसेच फिरवत राहिले.

घरी

देवराव मला न्यायला आले. वाशीमला उतरून आम्ही सोनाराकडून घुंगराचे वाळे घेतले.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. आत्याबाई ओसरीत बसल्या होत्या. इंदू दाराच्या खांबापाशी उभी होती. केस वाढले होते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ती आत्याबाईंच्या मांडीत होती.

“पोट्टी चालून राह्यली,” देवराव हळूच म्हणाले. न्यायला आले तेव्हा त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं. वाटेतही नाही.

लेकीनं मला ओळखलं नाही. ते सहन होण्यासारखं होतं, पुढं तिनं ओळखलं. पण ती खांबापाशी होती आणि मग मांडीत होती, आणि मधलं तिचं चालणं, ज्याच्यासाठी आया अंगणात हात पसरून बसतात, ते माझ्यापुढून गेलं आणि मला दिसलं नाही. मी ओसरीच्या कडेला बसले. सामान हातातच होतं.

देवरावांनी आईला सगळं सांगितलं. दोन दिव्यांचंही सांगितलं. आत्याबाईंनी माफी वगैरे मागितली नाही, आमच्याकडं तशी रीत नाही. त्यांनी इंदूच्या पायांत वाळे घातले, तिला खांबापाशी नेऊन उभं केलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

“आता पाह्य,” त्या म्हणाल्या, आणि मग माझ्या कानाशी बोलत राहिल्या. “खांब सोडला. उजवा पाय टाकला. डोलून राह्यली. हात वरते केले. आता डावा. थांबली. तुह्याकडं पाहून राह्यली. हासून राह्यली, पहिले कमी, आता जास्त. निंघाली. आली, आली.”

मी डोळे मिटून घेतले. घुंगरं जवळ आली आणि माझ्या गुडघ्यावर दोन हात पडले.

त्यानंतर आत्याबाईंनी कित्येक वर्षं हे काम केलं. शेतात, बाजारात, लग्नाच्या मांडवात माझ्या शेजारी बसून त्या मला जग चालवून दाखवायच्या. त्यांनी एकदाही कंटाळा केला नाही, आणि थोडं मीठ-मिरची लावूनच सांगायच्या.

ज्यांच्या घरात असं माणूस असेल, ज्याचा आजार बाहेरून दिसत नाही, त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. तो खोटं बोलतो असं आधी धरू नका. आणि त्याला काय दिसत नाही ते समजलं की ते त्याला सांगत जा. औषध नसलेल्या दुखण्यात माणसाला तेवढं तरी देता येतं.

सावकाश

नंतर एका उन्हाळ्यात खळ्यावर जवारीची मळणी चालली होती. कणसांवरून बैल गोल फिरत होते, दिवसभराचे दमलेले, पाय ओढत. मी सुपात धान्य घेऊन बसले होते. एका बैलाचा पुढचा पाय वर उठला. तो पुढं गेला. तो खाली आला.

मी सूप खाली ठेवलं. “बैल चालून राह्यला,” मी म्हणाले.

देवराव म्हणाले, “मंग? चालनच ना.” आणि मग त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. त्यांनी कासरा आवळला आणि बैलांना आणखी हळू केलं, आणि दिवस मावळेपर्यंत ते तसेच त्यांना फिरवत राहिले.

तेवढंच परत आलं. अगदी सावकाश हलणारं मला दिसायला लागलं. म्हैस डोहातून वर येताना. चुलीचा धूर, वारा पडलेला असेल तर. त्याच्यापेक्षा जलद ते सगळं अजूनही तुटक दिसतं. म्हातारपणी एका तरुण डॉक्टरनं मला सांगितलं की आता या आजाराला नाव आहे, आणि रंगाची आणि हलण्याची जागा मेंदूत वेगवेगळी असते हे लोकांनी शोधलंय. पाटणकर डॉक्टर तोवर नव्हते. त्यांना ऐकायला आवडलं असतं.

पण इंदू कधी सावकाश चालायचीच नाही. अंगणातून हाक मारावी तर ती पळत यायची, पाणी आणायला पाठवावं तर उड्या मारत जायची. मी तिला एकदा म्हटलं, बाई, माह्यासाठी जरा हळू चाल. ती दोन पावलं नाटकात चालल्यासारखी चालली, खिदळली, आणि नाहीशी झाली. सांगून चाललेलं ते काही तिचं चालणं नव्हतं.

ती शाळेत जायच्या वयाची झाली. पहिल्या दिवशी तिला नवी पाटी दिली, केसांना तेल लावून वेणी घातली. तिला जायचं नव्हतं. सकाळपासून रडून झालं होतं, पोट दुखतं म्हणून झालं होतं. शेवटी देवरावांनी आवाज चढवल्यावर ती निघाली. मी आणि आत्याबाई ओसरीत उभ्या होतो. पाटी छातीशी धरून, मान खाली घालून, ती पाय ओढत रस्त्यानं निघाली, इतकी हळू की जणू प्रत्येक पाऊल टाकताना तिला परत बोलावतील असं वाटत होतं.

आणि ती मला चालताना दिसली.

टाच उचलली जात होती. परकराची घडी मागं-पुढं होत होती. डावा पाय टाकताना तिचा खांदा जरा खाली जायचा आणि वेणी पाठीवर इकडून तिकडं सरकायची. ती माझ्या मायसारखी चालत होती. हुबेहूब माझी माय, नदीवरून धुणं घेऊन येताना चालायची तशी. एवढ्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आत्याबाईंनी माझी माय चालताना कधी नीट पाहिलीच नसेल.

“अवं, हाकल तिले,” आत्याबाई म्हणाल्या. “शाळेची घंटा होऊन जाईन.”

“जाऊ द्या, आत्याबाई,” मी म्हणाले. “हळू जाऊ द्या.”

मारुतीच्या पाराजवळ तिला एक मैत्रीण भेटली. इंदूनं मान वर केली. मग त्या दोघी रस्त्याच्या वळणावर होत्या, आणि मग तिथं नुसता रस्ता होता. मी बराच वेळ तिथंच उभी राहिले.